पाणी निघाल्याचा निरोप

अश्विन लागला की आमच्या गावाचा वास बदलतो. पावसाळ्याचा तो शेवाळी, दारे फुगवणारा वास मागे सरतो आणि बांध्याबांध्यांतून, म्हणजे आमच्या भातखाचरांतून, एक नवा वास उठू लागतो. कच्च्या दुधासारखा, कोवळा, किंचित गोड. धान निसवतो आहे. लोंब बाहेर आलेले असते आणि सकाळच्या उन्हात त्यावरचा बारीक पांढरा फुलोरा पाहून वाटते, कुणी चालता चालता पीठ सांडत गेले असावे. मला हा वास पूर्वी आवडत असे. आता तो आला की मी खिडकी ओढून घेते, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडते, कारण बंद खोलीत तो अधिकच साचतो.

यंदाही तो आला. यंदाही पाऊस आधीच निघून गेला, आकाश घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखे कोरडे झाले, आणि लोक तळ्याकडे पाहू लागले. या दिवसांत धानाला मुळाशी उभे पाणी लागते. निसवता निसवता जमीन भेगाळली, तर लोंब वरून भरल्यासारखे दिसते आणि हातात चोळले की नुसते टरफल उरते.

आमचे गाव अर्जुनी मोरगावच्या पुढे, जिथे सडक अरुंद होते आणि झाडे जवळ येतात तिथे. गावाचे तळे आमच्या पूर्वजांनी बांधले, इतकेच सगळ्यांना ठाऊक आहे. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मोहाची जुनी झाडे, पाण्यात शिंगाड्याचे वेल आणि पाळीच्या मध्याला दगडी तुडूम. तुडूम म्हणजे तळ्याचे पाणी सोडायची जागा. पायऱ्यांसारखे उतरत गेलेले दगड, प्रत्येक पायरीला एक भोक, आणि त्यात ठोकून बसवलेले लाकडी बूच. तिथून पाट निघतो आणि बांधीमागून बांधी पाजत थेट जंगलाच्या काठापर्यंत जातो. कुणाला केव्हा आणि किती पाणी, हे पाहणाऱ्या माणसाला पाणकर म्हणतात. माझे बाबा गावाचे पाणकर होते.

तळे सोडण्याची आमची एक रीत आहे. पाटाची सफाई शेवटाकडून सुरू होते. सर्वांत खालच्या बांधीचा धनी आपल्या वाट्याचा पाट उकरतो, खेकड्यांची बिळे बुजवतो आणि वरच्या माणसाला हाक देतो, ‘पाट मोकळा’. तो आपला तुकडा पाहतो आणि तीच हाक वर देतो. अशी ती हाक पाण्याच्या उलट्या दिशेने धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधाबांधाने, चढत तुडुमाशी पोचते. मध्ये झाडी असल्यामुळे कुणाला कुणी दिसत नाही. पाणकराने ती ऐकायची आणि मोठ्याने उत्तर द्यायचे, ‘पाणी निघाले’. ते उत्तर पाण्याच्या आधी खाली धावत जाते. त्यानंतरच बूच निघते. आणि पाणी शेवटच्या बांधीत शिरले की तिकडून एक शेवटची हाक येते, ‘पोचले’. तिला उत्तर द्यायचे नसते.

या रीतीत बोलणे हाच मुख्य भाग आहे. पाणकराचा शब्द ऐकल्याशिवाय खालचा कुणीही आपल्या बांधीचे तोंड उघडत नाही, आणि तो शब्द ज्याने दिला तो पाणकर. त्यासाठी वेगळी सभा होत नाही, नारळ फुटत नाही. आजोबांनंतर एका अश्विनात बाबांनी उत्तर दिले होते, तेव्हापासून ते.

बाबांचा आवाज फार मोठा नव्हता, पण तो लांब जात असे. शब्द ते ओढत नसत, ‘निघाले’च्या आधी एक बारीक विसावा घेत. पुढे महाविद्यालयात वृत्ते शिकताना ‘यती’ हा शब्द भेटला, कवितेच्या ओळीतला थांबा, तेव्हा मला आधी बाबांची हाक ऐकू आली होती.

कविता शिकलेली मुलगी मेनफ्रेमवर कशी गेली, हे गावात बरेच दिवस हसण्यावारी नेले गेले. केशवकाका, म्हणजे बाबांचे धाकटे चुलतभाऊ, मला विचारत, ‘त्या मोठ्या मशिनीले तू गानी म्हनून दाखवतेस का बाई?’ मी हसून म्हणत असे, ती मशीन गाण्यापेक्षा जुनी आणि चिडकी आहे. खरे तर ते समजावणे अवघड नव्हते. एका परदेशी बँकेचे अवाढव्य संगणक, त्यावर शेकडो प्रोग्राम, आणि त्यांच्यात अहोरात्र चाललेली निरोपांची देवाणघेवाण. एक प्रोग्राम निरोप ठेवतो, दुसरा सवडीने उचलतो. दोघे एकाच वेळी जागे असण्याची गरज नाही. मध्ये निरोपांच्या रांगा असतात, आणि त्या रांगा सांभाळणारी एक व्यवस्था असते. निरोप हरवू नये, आगेमागे होऊ नये, दोनदा पोचू नये, एवढेच तिचे काम.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात माझ्याकडे ही व्यवस्था चालू करण्याचे काम आले. तोवर देखभालीसाठी यंत्र थांबवले की पुन्हा चालू करताना माणसे एकेक आज्ञा हाताने देत. आता त्याची प्रोसीजर लिहायची होती, म्हणजे थांबलेली व्यवस्था कुणी हात न लावता आपली आपण, योग्य क्रमाने उठावी. आधी रांगांचा व्यवस्थापक उठतो. तो एकदम दारे उघडत नाही. आधी आपली नोंद वाचतो, काय अर्धवट राहिले होते, कुठला निरोप ठेवला पण उचलला गेला नव्हता, ते सारे जागच्या जागी लावतो. मग वाहिन्या, म्हणजे निरोपांच्या येण्याजाण्याच्या वाटा, जाग्या होतात. मग लिसनर बसतो, बाहेरून येणारी हाक ऐकायला नेमलेला एक छोटा प्रोग्राम. तो ‘मी ऐकतो आहे’ असे कळवतो आणि सर्वांत शेवटी बाहेरच्यांना आत सोडले जाते. हा क्रम पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी एकटीच हसले होते. मला वाटले, घरी गेले की बाबांना सांगेन.

घरी गेले ते वेगळ्या कारणाने. पोळ्यानंतरच्या आठवड्यात बाबा अंगणात तोंड धुताना खाली बसले आणि उठले नाहीत. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांचा उजवा हात चादरीवर असा पडला होता, जणू कुणी दुसराच तो तिथे विसरून गेला असावा. खिडकीबाहेर भात गिरणीचा कोंडा हवेत तरंगत होता आणि मधूनमधून जंक्शनवरच्या गाड्यांची घोषणा ऐकू येई. परिचारिका रोज सकाळी वाकून विचारी, ‘बाबूजी, बोलिए, क्या नाम है आपका?’ बाबा तिच्याकडे पाहत. डोळ्यांत उत्तर पूर्ण उभे असे. मग ओठ एका बाजूला ओढले जात आणि आवाज निघे, ‘हां.’

डॉक्टरांनी मला समजावले की समज शाबूत आहे, शब्दही आत आहेत. आतून बाहेर यायची वाट तुटली आहे. कदाचित थोडी जुळेल, कदाचित नाही. त्यांनी सराव म्हणून चित्रांचे पत्ते दिले, कप, गाय, छत्री. बाबांनी पहिला पत्ता पाहिला आणि मान भिंतीकडे वळवली. जन्मभर ज्याने तळ्याशी बोलणे केले त्याला छत्री म्हणायला लावणे मलाही ओशाळवाणे वाटले, आणि मी ते पत्ते पिशवीच्या तळाशी सारले.

मी घरून काम करायची परवानगी घेतली. ओसरीलगतच्या खोलीत, धानाच्या रिकाम्या कणगीशेजारी टेबल लावले. नेट त्या एकाच कोपऱ्यात यायचे. पलीकडे ओसरीवर बाबांची खाट. मध्ये मातीची भिंत, तिच्यातून सगळे ऐकू येई. बाबांच्या दोरीच्या खाटेची कुरकूर, मायच्या बांगड्या, वाडग्यात हलवलेला चमचा. मी पडद्यावर आज्ञा लिहीत असे आणि माझे कान त्या भिंतीला लागलेले असत.

एका दुपारी मला मायचा आवाज ऐकू आला. ती चुलीपाशी होती आणि दबक्या स्वरात, स्वयंपाकघरातूनच, कुणाला तरी गावच्या बोलीत हाक देत होती, ‘पाट मोकराऽ.’ मग पुन्हा तीच हाक. मी उठून दाराशी गेले. माय लाखोळीची डाळ हाटत होती, पाठ आमच्याकडे. खाटेवर बाबा डाव्या कोपरावर अर्धे उठले होते. मानेच्या शिरा ताठ, तोंड उघडे. ‘पा’ एवढे आले. पुढचे आले नाही. माय वळली नाही. डाळ हाटता हाटता तिने पुन्हा, जणू काही झालेच नाही अशी, खालच्या बांधीवरून हाक दिली.

मग ते रोजचे झाले. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, अंगण सारवताना माय हाक देई. नवऱ्याला नावाने हाक न मारणारी ती बाई फागूदादाच्या आवाजात बोलत असे. फागूदादा जंगलाच्या काठाचा गोंड शेतकरी. सर्वांत खालची बांधी त्याची, म्हणून पहिली हाकही दरवर्षी त्याची. माय ती इतकी हुबेहूब काढी की एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. बाबा प्रत्येक हाकेला उठून बसत. ‘पा’ येई, कधी ‘पानी’ येईलसे वाटे, आणि ओठ थरथरून मिटत. घाम पुसायला मी गेले तर ते माझा हात बाजूला सारत. सगळे त्या एका वाक्यावर येऊन ठेपले होते. तळे सुटण्याचा दिवस जवळ येत होता. ते वाक्य आले तर बाबा पाणकर, नाही आले तर खाटेवरचे एक म्हातारे माणूस. हे घरात कुणी उच्चारले नाही. उच्चारायची गरज नव्हती.

माझ्या कामात त्याच दिवसांत एक प्रश्न अडला होता. व्यवस्थापक उठला, वाहिन्या उठल्या, पण लिसनरकडून ‘ऐकतो आहे’ हे उत्तर आलेच नाही, तर प्रोसीजरने किती थांबायचे? मी आधी थांबण्याला मर्यादाच लिहिली नव्हती. आमचे वरिष्ठ मोघेसर पुण्याहून बोलत. कोरडा माणूस, पण दुष्ट नाही. ते म्हणाले, ‘मॅडम, असं अनंतकाळ थांबता येणार नाही. मागे सगळी बँक खोळंबते. मर्यादा लिहा, ती संपली की सूचना पाठवा आणि दुसरा लिसनर चालू करा.’ मी विचारले, पहिला नंतर जागा झाला तर? सर हसले. म्हणाले, तुमच्याकडे लाइट गेली तर आम्ही किती थांबायचं, तेही एकदा लिहून टाका. मग गंभीर होऊन म्हणाले की नंतर जागा झालेल्याला काही विचारायचे नसते, त्याची जागा भरलेली असते. मी मर्यादा लिहिली. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले होते, आणि पलीकडून माय पुन्हा हाक देत होती.

केशवकाका येऊन गेले. ओसरीच्या काठावर बसून त्यांनी आधी उन्हाचे, मग जनावरांचे बोलून घेतले. फागूच्या बांधीत भेगा पडू लागल्या होत्या, बोट शिरेल एवढ्या. धान पोटरीत होता, लोंब बाहेर पडायच्या बेतात. मग ते बाबांकडे न पाहता म्हणाले की यंदा दादांनी नुसते पाळीवर बसावे, बाकी आम्ही पाहून घेऊ. बाबांनी डावा तळवा खाटेच्या पाटीवर आपटला. एकदा. वाडग्यातली पेज हिंदकळली. केशवकाका उठले, बाबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, ‘बरं दादा. तुमीच सोडा.’

तो दिवस स्वच्छ होता. उन्हाला धार होती. केशवकाकांनी आणि आणखी एकाने बाबांना खुर्चीसकट उचलून पाळीवर नेले आणि मोहाच्या सावलीत घोंगडीवर टेकवून बसवले. मायने त्यांना धुतलेले धोतर आणि पांढरी टोपी घातली होती. ती आली नाही. बायका तळे सोडताना येत नाहीत असे नाही, ती आली नाही. मी आले होते. शेवाळाचा थंड वास, तुडुमाच्या दगडांवर बसलेले चतुर, दूर शिंगाड्याच्या वेलांत उभी असलेली सारसांची जोडी. पाळीवर माणसे जमली होती आणि नेहमीसारख्या टिंगली चालल्या होत्या. कुणाच्या धुऱ्यावर कुणाची म्हैस चरते, कुणाचा जावई सासऱ्याच्या बांधीत किती राबतो. बाबांकडे कुणी पाहत नव्हते, आणि सगळ्यांचे लक्ष तिकडेच होते.

मग खालून ती हाक निघाली. प्रथम इतकी बारीक, की झाडीतला एखादा पक्षी असावा. मग जवळच्या धुऱ्यावर, मग त्याहून जवळच्या, आवाज बदलत बदलत, चढत. शेवटी पाळीखालच्या माणसाने तोंडाशी हात धरून ती वर फेकली, ‘पाट मोकराऽ.’

बाबा सरळ झाले. डावा हात जमिनीवर रोवला. तोंड उघडले.

पाळीवरच्या टिंगली थांबल्या. मी बाबांच्या ओठांकडे पाहिले नाही, त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. तिथे काहीतरी वर चढत होते आणि खाली घसरत होते. मला वाटले, आता तो बारीक विसावा आहे, नेहमीचा, त्यानंतर शब्द येईल. तो विसावा संपला नाही. खालून दुसऱ्यांदा हाक आली, आता तिच्यात प्रश्न होता. बाबांच्या टोपीची कड घामाने ओली झाली. कुणीतरी मागून, फार हळू नाही, म्हणाले, ‘आज नाई बोलला, तं धान का कार्तिकात पानी पिईल?’ त्याला दुसऱ्या कुणी गप्प केले. केशवकाका बुचाजवळ उकिडवे बसले होते, नजर बाबांवर. इतकी वर्षे त्यांचे काम बूच काढण्याचे होते, बोलण्याचे नव्हते.

तिसरी हाक फागूदादाची स्वतःची होती. ती धुऱ्याधुऱ्याने आली नाही. रीत मोडून तो पाटाच्या काठाने वर पळत आला असावा. त्याचा आवाज फाटला होता. त्यात राग नव्हता, ते अधिक वाईट होते.

केशवकाका उभे राहिले. बाबांकडे पाहिले. आणि तोंड खालच्या बाजूला वळवून त्यांनी उत्तर दिले, ‘पानी निंगलाऽ.’ त्यांच्या हाकेत विसावा नव्हता. दोन्ही शब्द एकमेकांना धडकत गेले. मग त्यांनी वाकून बूच काढले. त्या भोकातून आधी एक उसासा आला, कोंडलेल्या हवेचा, आणि मागून काळपट हिरवे, गार पाणी. लोक खाली पाहत राहिले, कारण पाण्याकडे पाहणे सोपे होते. बाबांचे तोंड अजून उघडेच होते. मी जवळ जाऊन उपरण्याने त्यांची हनुवटी पुसली. त्यांचा डावा हात घोंगडीच्या कडेची माती हळूहळू थोपटत होता, सारवल्यासारखी, समतल.

पाणी दिवसभर चालत राहिले. दिवेलागणीच्या आधी माय बाबांना भरवायला बसली. मऊ भात, वर डाळीचे पाणी. पहिला घास ते डाव्या हाताने स्वतः घेत. उन्हे भिंतीवरून उतरली होती, गोठ्यात शेणाचा ऊबदार वास पसरला होता. त्या शांततेत, जंगलाच्या बाजूने, लांबून, फागूदादाची शेवटची हाक आली, ‘पोचलाऽ.’ मग तीच मधल्या धुऱ्यांवरून, जवळ जवळ येत गेली.

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘पानी...’ एक बारीक विसावा घेतला. ‘...निंगला.’

स्वच्छ. पूर्वीच्याच आवाजात. ओठ वाकडे झाले नाहीत. मग घास तोंडात गेला.

मायची बांगडी ताटाला लागून वाजली, एवढाच आवाज झाला. बाबांनी आमच्याकडे पाहिले, मायकडे, मग माझ्याकडे. त्यांना स्वतःला ऐकू आले होते, यात शंका नव्हती. त्यांच्या डोळ्यांत जे होते त्याला मी आनंद म्हणणार नाही. उशीर झाला हे ज्याला कळले आहे, अशा माणसाचे ते डोळे होते.

मी पाळीकडे धावतच निघाले असते. मायने माझा दंड धरला आणि मला चुलीपाशी नेले. ‘कोनाले सांगू नको बाई,’ ती म्हणाली. ‘पुन्हा नेतील त्यायले पाळीवर. पुन्हा चारचौघांत तोंड उघडाले लावतील. मी नाई पाहू शकत.’ मी म्हटले, आता शब्द आला आहे माय. ती म्हणाली, ‘आला तो आला. बोलावला तवा नाई आला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या प्रोसीजरची चाचणी होती. तिकडे बँकेच्या कामाचे तास संपलेले, यंत्र मुद्दाम थांबवलेले. मी कानाला हेडफोन लावून बसले होते, एक कान मोकळा ठेवून. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. व्यवस्थापक उठला. नोंद वाचतो आहे. अर्धवट राहिलेले निरोप जागच्या जागी लावतो आहे. पलीकडे ओसरीवर केशवकाकांच्या चपला वाजल्या. त्यांनी चहा नको म्हटले. खाट कुरकुरली. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, ‘वयनी, दादा बोलले का काई? घरी आल्यावर?’

‘नाई,’ माय म्हणाली.

‘काईच नाई?’

‘नाई भाऊजी. तुमी काऊन जीवाले लावून घेऊन रायले? तुमीच पाहा आता तळ्याचा.’

खाटेच्या दोऱ्या करकरल्या. मी पाहिले नाही, पण त्या आवाजावरून मला कळले की बाबांनी भिंतीकडे कूस बदलली. हेडफोनमध्ये मोघेसर म्हणाले, ‘मॅडम, लिसनर उठला. पहिल्या हाकेला उठला. सगळं सुरळीत.’ मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी धन्यवाद म्हटले. बहुधा आवाज नेहमीसारखाच निघाला असावा, कारण कुणी काही विचारले नाही.

त्या दिवसानंतर बाबांचा ‘हां’सुद्धा गेला. मायने पुन्हा हाक दिली नाही. धान भरला, कापला, चुरणे म्हणजे मळणी झाली. फागूदादाने नव्या धानाचे पोहे आणून दिले, बाबांच्या खाटेशी उभा राहिला आणि गेला. पौषात, थंडी हाडांत शिरते त्या दिवसांत, बाबा गेले. अखेरचे सारे दिवस ते भिंतीकडे तोंड करून होते. माय त्याच भिंतीला पाठ टेकून बसत असे. तिने केले ते बरोबर होते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. शब्दाची बातमी गावात गेली असती, तर एखादा मान परत आला असता, किंवा तोच अपमान दुसऱ्यांदा झाला असता. दोन्ही शक्यता सारख्याच खऱ्या वाटतात. फक्त त्या वळलेल्या पाठीपुढे पहिलीचे पारडे जड होते.

माझ्या कामात एक रांग असते, तिचे नावच डेड लेटर क्यू. जो निरोप पोचवता येत नाही तो तिथे जाऊन पडतो. पत्ता खोटा असतो, किंवा घेणारा उरलेला नसतो. निरोप शाबूत असतो, अक्षर न अक्षर. कुणीतरी वेळोवेळी ती रांग पाहावी आणि ठरवावे, पुन्हा पाठवायचा की पुसायचा. बहुतेक ठिकाणी कुणी पाहत नाही. मी शिकाऊ होते तेव्हा हे नाव मला काव्यमय वाटले होते.

यंदा मी सुट्टी घेऊन तळे सुटायला आले. पाळीवर गेले. केशवकाकांचे केस पिकले आहेत, गुडघे वाकत नाहीत, बूच आता त्यांचा मुलगा काढतो. हाक यायला वेळ होता. आम्ही मोहाखाली उभे होतो, जिथे घोंगडी अंथरली होती तिथून थोडे बाजूला. ती जागा ते टाळतात, हे माझ्या लक्षात आले. पाण्याकडे पाहत ते म्हणाले, ‘बाई, एक विचारू? मले सारखा वाटते, मी थोडा आनखी थांबलो असतो तं दादा बोलले असते. घरी कधी बोलले का ते? नंतर?’

त्यांचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षे दर अश्विनात हा माणूस ते उत्तर देत आला आहे आणि दर वेळी आपल्याला ते शोभते का, हे मनात तपासत आला आहे. माझ्याजवळ तो निरोप होता. अक्षर न अक्षर, मधल्या विसाव्यासकट. तो दिला असता तर बाबांना त्यांचा शब्द परत मिळाला असता, आणि या म्हाताऱ्याला उरलेल्या आयुष्याचे ओझे. मायचा हात माझ्या दंडावर होता, ती तिथे नसूनही.

‘नाही काका,’ मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. खालून हाक चढत आली होती. ते दोन पावले पुढे गेले आणि उत्तर दिले, अजूनही तसेच, शब्दाला शब्द भिडवून. पाणी सुटले.

संध्याकाळी मी अंगणात बसले होते. माय ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. तिची दृष्टी मंद झाली आहे, पण सुपाचा ताल चुकत नाही. धानाच्या दुधाचा वास दाटून आला होता. जंगलाच्या बाजूने फागूदादाची हाक उठली, ‘पोचलाऽ,’ आणि धुऱ्याधुऱ्याने गावाकडे येऊ लागली. मायचे सूप थांबले. तिने मान किंचित वळवली, खाट असायची त्या भिंतीकडे, आणि तशीच बसून राहिली. शेवटच्या धुऱ्यावरची हाकही विरून गेली. गोठ्यात म्हशीने शेपूट झटकले.

मग सूप पुन्हा हलू लागले.